एक नियमशास्त्र, अनेक चुली

पुण्याच्या लष्कर भागात मोलेदिना रस्त्यावर तांबड्या विटांची एक भव्य वास्तू उभी आहे. तिचा उंच मनोरा पाहून नवख्या माणसाला ते ख्रिस्तमंदिर वाटते. मार्गासनीच्या पंचक्रोशीतून नसरापूरमार्गे कामानिमित्त पुण्यास जाणारी आमची माणसेही तिला इतरांप्रमाणे ‘लाल देऊळ’ म्हणूनच ओळखतात. वस्तुतः ते यहुदी बांधवांचे ‘ओहेल डेव्हिड’ नावाचे सभास्थान होय. बगदादहून मुंबईस येऊन स्थायिक झालेले दानशूर व्यापारी डेव्हिड ससून यांनी ते बांधावयास घेतले आणि त्यांच्या निधनानंतर, १८६७ साली, ते पूर्ण झाले. ससून यांची समाधी त्याच आवारात आहे.

त्याच पुण्यात, रास्ता पेठेत, यहुद्यांचे दुसरे सभास्थान आहे. ‘सुक्काथ शेलोमो’ हे त्याचे नाव. ते १९२१ साली मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाने उभारले. दोन्ही ठिकाणी देव एकच, मोशेचे नियमशास्त्र एकच आणि प्रार्थनेची इब्री भाषाही एकच. दोन्ही वास्तूंमध्ये अंतरही फारसे नाही. परंतु ज्या दोन समाजांनी त्या उभारल्या, त्यांच्यामध्ये दीर्घकाळ मोठे अंतर होते. ते कशाने पडले आणि धर्मातील मतभेद माणसाने कुठवर सोसावा, याचा विचार या लेखात आम्ही करू इच्छितो.

नवा करार वाचताना ‘शास्त्री व परुशी’ हे शब्द आपण एका दमात उच्चारतो. त्यामुळे ती सारी एकाच मताची मंडळी असावी, असा समज होतो. तो खरा नाही. प्रभू येशूच्या काळी यहुदी धर्मपंडितांत हिल्लेल आणि शम्माय या दोन गुरूंची दोन घराणी होती आणि रोजच्या आचाराच्या कितीतरी बाबतींत त्यांचे निर्णय भिन्न होते. शब्बाथाच्या भोजनारंभी आशीर्वचन आधी दिवसाचे म्हणावे की द्राक्षारसाचे? सायंप्रार्थना आडवे होऊन म्हणावी की माणूस ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत? हनुक्काच्या आठ रात्री दिवे कसे लावावेत? शम्मायचे शिष्य पहिल्या रात्री आठ दिवे लावून रोज एक कमी करीत, तर हिल्लेलचे शिष्य एकापासून आरंभ करून रोज एक वाढवीत. पत्नीला सूटपत्र देण्यास कोणते कारण पुरेसे, हाही त्यांच्यातील वादाचा विषय होता. परुश्यांनी प्रभूला याविषयी जो प्रश्न केला, त्याच्यामागे हा वाद होता, हे ध्यानात घेतले तर मत्तयच्या शुभवर्तमानातील एकोणिसावा अध्याय अधिक स्पष्ट होतो.

तालमूद या ग्रंथात सांगितले आहे की, ही दोन घराणी तीन वर्षे आपापल्या मतासाठी भांडली. अखेर आकाशवाणी झाली. दोन्ही पक्षांचे बोल जिवंत देवाचेच आहेत, तथापि आचरण हिल्लेलच्या मताप्रमाणे व्हावे, असा तिचा आशय होता. हा मान हिल्लेलला का मिळाला, याचे कारणही तेथेच दिलेले आहे. त्याचे शिष्य सौम्य होते आणि आपले मत शिकविण्यापूर्वी प्रतिपक्षाचे मत शिकवीत असत. आमच्या मार्गासनीहून साखरमार्गे गुंजवण्यास गेले तर चोर दरवाजाने राजगड चढता येतो. आणि पुढे विंझरवरून पालीस गेले तर पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट मिळते. एकाने एकीने जावे, दुसऱ्याने दुसरीने. दोघांची गाठ पद्मावती माचीवर पडते. या पंडितांची मतभेदाकडे पाहण्याची दृष्टी काहीशी अशीच होती.

पण येथपर्यंतची गोष्ट सोपी आहे. दिव्यांवरून मतभेद झाला तर कोणाचे बिघडत नाही. विवाहाचे तसे नसते. निपुत्रिक मृताच्या विधवेशी दिराने विवाह करण्याचा जो नियम जुन्या करारात आहे, त्याच्या काही बारकाव्यांविषयी या घराण्यांत इतका तीव्र मतभेद होता की, एकाने वैध मानलेल्या विवाहाची संतती दुसऱ्याच्या शास्त्राप्रमाणे अवैध ठरत असे. तरीही, मिश्ना सांगते, दोन्ही घराण्यांनी एकमेकांच्या मुली करणे थांबविले नाही. तालमूद त्यात एक भर घालतो : ज्या घराविषयी दुसऱ्या पक्षाला अडचण वाटेल, ते घर कोणते हे ते एकमेकांस आधीच कळवीत असत. आमच्या मते या साऱ्या परंपरेतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच. मत कोणीही सोडले नाही. परंतु शंका घेतली ती एखाद्या प्रकरणापुरती, आणि ती दूर केली परस्परांच्या शब्दावर विश्वास ठेवून.

पुढे यहुदी लोक जगभर पांगले आणि रीती आणखी वाढल्या. सफेद येथील रब्बी योसेफ कारो यांचा ‘शुल्हान आरुख’ हा आचारग्रंथ १५६५ साली व्हेनिस येथे छापला गेला. या नावाचा अर्थ ‘मांडलेले मेज’. त्यात स्पेनकडील व पूर्वेकडील यहुद्यांची रीत प्रामुख्याने होती. पोलंडमधील क्राकोचे रब्बी मोशे इस्सेर्लेस यांना आपल्याकडील रीत त्यात दिसेना. त्यांनी नवा ग्रंथ न रचता त्याच ग्रंथावर टीपा लिहिल्या आणि त्यांना नाव दिले ‘मेजावरची चादर’. तेव्हापासून दोन्ही मते एकाच पानावर छापली जातात. वल्हांडण सणात युरोपीय परंपरेचे यहुदी भात व कडधान्ये वर्ज्य मानतात. स्पेनकडील परंपरेच्या अनेक घरांत भात चालतो. मांस खाल्ल्यावर दूध घेण्यापूर्वी कोणी सहा तास थांबतो, जर्मनीकडील घराण्यांत तीन तास पुरतात, हॉलंडमध्ये एकच. यातील कोणीही दुसऱ्याला धर्मबाह्य म्हणत नाही. अशा स्थानिक रीतीस ते ‘मिनहाग’ म्हणतात आणि तिला नियमाइतकाच मान देतात.

आता आपल्या कोकणाकडे वळू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राएलांची परंपरागत समजूत आहे. या मंडळींनी कोकणात तेलाचे घाणे चालविले. शनिवारी ते घाणा जुंपीत नसत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. धर्मग्रंथ जवळ नव्हता, इब्री भाषा विसरली गेली होती. राहिले होते ते शब्बाथाचे पालन, आठव्या दिवशीची सुंता, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. सणांना त्यांनी मराठी नावे दिली होती. नववर्षाचा तो ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा ‘दार फाळणीचा सण’. हनुक्काचा सण तर त्यांना ठाऊकच नव्हता. ज्या दिव्यांवरून जेरुसलेमचे पंडित वाद घालीत होते, ते दिवे कोकणातील घरांत कित्येक शतके लागलेच नव्हते.

दावीद राहाबी नावाचा एक विद्वान त्यांच्याकडे आला, अशी कथा आहे. त्याने स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी खवले-पर नसलेले मासे बाजूला काढले आणि हे इस्राएलचेच लोक आहेत, अशी त्याची खात्री पटली. त्याच्या परीक्षेची जागा चूल होती, हे विसरता कामा नये. पुढे टिपूच्या कैदेतून सुटलेले कंपनी सरकारच्या फौजेतील सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात ‘शाआर हारहमीम’ हे समाजाचे पहिले सभास्थान बांधले. बेने इस्राएल सभास्थानाला मशीद म्हणत. कोचीनच्या यहुदी शिक्षकांनी त्यांना उपासनाविधी शिकविले. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाची इब्री-मराठी पोथी छापली गेली. तिच्यातील एका चित्रात लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात.

बाहेरून आलेले शिक्षण त्यांनी स्वीकारले आणि स्वतःचेही राखले. नवस फेडताना किंवा मंगलकार्यात ते एलिया संदेष्ट्याच्या नावाने ‘मलिदा’ करतात. गोड केलेले पोहे, ओले खोबरे आणि फळे ताटात मांडून प्रार्थना म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळे येथे एलियाच्या रथाची खूण खडकावर उमटली आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. नववर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा करतात तो नारळाच्या दुधात. मांसाबरोबर दूध निषिद्ध. पण नारळाचे दूध हे शास्त्राने दूध नव्हे. कोकणातील गृहिणीने कोणत्याही रब्बीस न विचारता हा निर्णय आपल्या स्वयंपाकघरात केव्हाच अमलात आणला होता.

असे असता अंतर पडले कोठे? बगदादी यहुदी मुंबईत आले तेव्हा आरंभी दोन्ही समाज एकाच दफनभूमीत आपले मृत पुरीत. १८३६ साली बगदादी मंडळींनी दफनभूमीत मध्ये भिंत घालून मिळावी, असा अर्ज सरकारकडे केला. यहुदी सामुदायिक प्रार्थनेस किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. काही बगदादी सभास्थानांत बेने इस्राएल पुरुषास या दहांत धरीत नसत. कारण दिले जाई ते असे की, शतकानुशतके रब्बींवाचून राहिलेल्या या समाजात घटस्फोट आणि दिराशी विवाह यांबाबतचे नियम यथाशास्त्र पाळले गेले नसतील, तेव्हा त्यांच्या वंशाची शुद्धता संशयास्पद आहे. ही शंका केवळ गर्वातून आली असे म्हणणे अन्यायाचे होईल. विवाहाविषयीचे नियम त्या धर्मात फार कडक आहेत. पण भीती शास्त्राची असली तरी भिंत दगडाचीच होती. आणि सत्य सांगायचे तर बेने इस्राएलांनीही आपल्यात ‘गोरा इस्राएल’ आणि ‘काळा इस्राएल’ असा भेद पाळला होता. गोरे काळ्यांशी रोटीबेटी व्यवहार करीत नसत.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बेने इस्राएल हजारोंच्या संख्येने तिकडे गेले. तेथे यहुद्यांचे विवाह रब्बींच्या अधिकाराखाली होतात. काही रब्बींनी बेने इस्राएल वधूवरांचे इतर यहुद्यांशी विवाह लावण्यास नकार दिला. ऑक्टोबर १९६१ मध्ये प्रधान रब्बींच्या मंडळाने असे विवाह निषिद्ध मानण्यास आधार नाही, असा निर्णय दिला. पण सर्व स्थानिक रब्बींनी तो मानला नाही आणि १९६२ साली नवे निर्देश निघाले : बेने इस्राएल अर्जदाराच्या आईच्या, आजीच्या व त्यामागील पिढ्यांची शक्य तितकी चौकशी करावी. यित्झाक निस्सिम हे तेव्हा सेफार्दी प्रधान रब्बी होते, आणि त्यांचा जन्म बगदादचा.

ज्यांच्या आजीने पेण-रोह्याच्या खेड्यात शनिवारी चूल पेटविली नव्हती, त्यांच्याकडे आता त्या आजीचा दाखला मागितला जात होता. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल कुटुंबे बायकामुलांसह जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसली. १७ ऑगस्ट रोजी इस्राएलच्या संसदेने खास अधिवेशनात ठराव केला की, भारतातील बेने इस्राएल हे सर्व बाबतींत, विवाहाच्या बाबतीतही, इतरांसारखेच यहुदी आहेत. महिनाअखेरीस रब्बींच्या मंडळाने निर्देशातून ‘बेने इस्राएल’ हे नाव काढून टाकले. त्याऐवजी, ज्या कोणाविषयी शंका असेल त्याची चौकशी करावी, असे शब्द आले.

कोणी म्हणेल, यात बदलले ते काय? चौकशी तर राहिलीच. आम्हांस वाटते, फार मोठे बदलले. हिल्लेल आणि शम्माय यांची घराणी एका घराविषयी शंका घेत; एका जमातीविषयी घेत नसत. एखाद्या प्रकरणी शंका आली तर ती विचारता येते, उत्तर देता येते आणि प्रश्न मिटतो. पण संपूर्ण समाजाच्या नावालाच शंका चिकटविली की त्या नावाने जन्मणारे प्रत्येक मूल आरोपी म्हणून जन्मते. नियमाचा आदर आणि माणसाचा अवमान यांच्यामधली रेघ येथे आहे.

ख्रिस्तसभेच्या आरंभीच्या इतिहासातही अशी एक घटना आहे. सुमारे १५५ साली स्मिर्नाचे वृद्ध महागुरू पॉलिकार्प रोमला पोप अनिसेतुस यांच्या भेटीस आले. पुनरुत्थानाचा सण यहुदी वल्हांडणाच्या तिथीस करावा की रविवारी, याविषयी दोघांचे एकमत होईना. कोणीही आपली रीत सोडली नाही. तरीही अनिसेतुस यांनी पॉलिकार्प यांना आपल्या मंदिरात मिस्साबली अर्पण करण्याचा मान दिला आणि दोघे शांतीने एकमेकांचा निरोप घेऊन गेले.

बेने इस्राएल आता महाराष्ट्रात थोडेच उरले आहेत. २०१६ साली राज्य शासनाने यहुदी समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यांच्या मशिदींचे दिवे लावण्यास काही ठिकाणी दहा पुरुष जमणेही कठीण जाते. एके काळी याच दहांत कोणाला धरायचे आणि कोणाला नाही, यावरून वाद झाले होते.

वाचकहो, हा इतिहास परक्यांचा म्हणून बाजूला ठेवता येईल काय? आपल्या धर्मग्रामांतही निरनिराळ्या गावांची, बोलींची आणि पूर्वाश्रमीच्या जातींची कुटुंबे एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात. गायने वेगळी, लग्नाच्या रीती वेगळ्या, सणाची पक्वान्ने वेगळी. त्याने काही बिघडत नाही. पण घरी सोयरिकीचा विषय निघतो, तेव्हा समोरच्या कुटुंबाविषयी आपण विचारतो ते काय? मुलगा कसा आहे, मुलगी कशी आहे, हे विचारण्याचा आईबापांना हक्क आहे. ‘ती माणसे’ कुठली, हा प्रश्न मात्र ओठांवर येण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती आहे.