घरच्या घरी बाइकची फायबर सीट कशी बनवतात?

कंपनीची सीट उंच पडते, लांबच्या प्रवासात कंबर धरते किंवा जुन्या बाइकची कॅफे रेसर करायची असते. अशा वेळी बरेच हौशी बाइकस्वार सीट स्वतःच बनवायला घेतात. व्हिडिओत हे काम एका रविवारचे वाटते. फोम किंवा कव्हर बिघडले तर ते पुन्हा करता येते. फायबरचा तळ मात्र चालत्या गाडीवर तडकला तर निस्तरायला वेळ मिळत नाही. त्यामुळे या कामात सगळ्यात जास्त लक्ष तळाकडे द्यावे लागते.

फायबर म्हणजे नेमके काय?

काचेचे बारीक तंतू आणि पॉलिस्टर रेझिन यांचे हे मिश्रण आहे. ताकद काचेची असते, रेझिन तिला फक्त धरून ठेवते. म्हणून जास्त रेझिन ओतले की तळ मजबूत होत नाही, उलट ठिसूळ होतो. कोकणातल्या फायबरच्या होड्या याच पद्धतीने बनतात. १९५३ साली आलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकी कारची बॉडीही फायबरचीच होती. साच्याला मोठे यंत्र लागत नसल्याने घरगुती कामासाठी हे साहित्य सोयीचे पडते.

काय काय लागते?

• ४५० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाची काचेची मॅट. एका थराची जाडी साधारण १ मिमी होते. सीटच्या तळाला किमान ४ थर देतात.
• पॉलिस्टर रेझिन. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट लागते. मध्यम आकाराच्या सीटला साधारण १ किलो पुरते.
• हार्डनर. रेझिनच्या १ ते २ टक्के, म्हणजे २०० ग्रॅम रेझिनला २ ते ४ मिली. अंदाजाने न ओतता सिरिंजने मोजतात.
• ब्रश, छोटा रोलर, मेणाचे पॉलिश, मास्किंग टेप, अॅल्युमिनियम फॉइल.

कृती

१. जुनी सीट आणि बॅटरीची जोडणी काढून बाइक उघड्यावर घेतात. टाकी, वायरिंग आणि इंजिन प्लास्टिकने झाकतात.

२. फ्रेमवर जाड पुठ्ठा ठेवून सुमारे ५ मिमी फट राखतात. पुढे इथेच रबरी बुश बसतात. आकार द्यायला थर्माकोल वापरला तर तो टेपने पूर्ण झाकावा लागतो, कारण पॉलिस्टर रेझिन थर्माकोल विरघळवते.

३. त्यावर फॉइल चिकटवून मेणाचे दोन-तीन हात देतात. नाहीतर तळ साच्यालाच चिकटून बसतो.

४. मॅटचे तुकडे आधीच कापून ठेवतात आणि मगच रेझिनमध्ये हार्डनर मिसळतात. हातात जेमतेम १० ते २० मिनिटे असतात. कडक उन्हाळ्यात ती आणखी कमी होतात, म्हणून हार्डनर १ टक्क्याच्या आसपास ठेवतात. त्याहून कमी टाकले तर तळ कधीच पुरता कडक होत नाही. पावसाळ्यातल्या दमटपणात हे काम टाळलेलेच बरे.

५. मॅट रेझिनने भिजवून रोलरने हवेचे बुडबुडे काढतात. जिथे बुडबुडा राहतो, तिथूनच पुढे तडा जातो.

६. किमान २४ तास वाळल्यावर तळ काढून कडा कापतात. बोल्टच्या जागी आणखी २ थर आणि मोठे वॉशर देतात, कारण खड्ड्यांचा सगळा मार तिथेच बसतो. पाणी निघून जायला तळाला एक-दोन भोकेही ठेवतात.

फोम लावण्याआधीची परीक्षा

नुसता तळ बाइकवर घट्ट बसवून त्यावर दोघांनी बसून बघावे. करकर आवाज आला किंवा पांढऱ्या रेषा उमटल्या तर थर सुटू लागले आहेत असे समजावे. त्याच वेळी मागचा सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टायर तळाला लागत नाही ना आणि बॅटरीची टोके किंवा वायर दाबली जात नाहीत ना, हेही तपासतात.

यानंतरचे काम सोपे आहे. खाली कडक रीबाँडेड फोम, वर मऊ पीयू फोम आणि त्यावर रेक्झिन. कव्हर मात्र सीट कव्हरवाल्याकडून शिवून घेणेच शहाणपणाचे, कारण ताण एकसारखा आला नाही तर सुरकुत्या पडतात.

जीवावर बेतणाऱ्या चुका

हार्डनर म्हणजे मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड. त्याचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. गॉगल हवाच. थेंब उडालाच तर लगेच किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुऊन थेट दवाखाना गाठावा.

काही दुकानांत रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर वेगवेगळे मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळतात, मग हार्डनर घालतात.

रेझिनमधल्या स्टायरीनची वाफ सुमारे ३१ अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकते. बंद खोली, गॅस आणि सिगारेट तिन्ही दूर हवीत. डब्यात उरलेले मिश्रण आपोआप तापून धुमसते. ते कचऱ्याच्या डब्यात न टाकता उघड्यावर पातळ पसरून वाळू देतात.

कापताना उडणाऱ्या काचेच्या धुळीला एन-९५ मास्क चालतो. वाफ मात्र तो अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो.

नियम काय सांगतात?

आरसीवर आसनक्षमता नोंदलेली असते. दोघांची सीट एकट्याची केली तर ती नोंद बदलते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच आरटीओत विचारावे. मागे माणूस बसणार असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार हाताला पक्का आधार, पाय ठेवायची जागा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असावे लागते. नवी सीट बसवताना आधाराची कडी किंवा साडी गार्ड काढून टाकला, तर त्याचा धोका मागे बसणाऱ्याला असतो.