कळ, काच आणि बोटांचे वाचन

'टचस्क्रीन'साठी मराठीत 'स्पर्शपटल' हा शब्द सुचवला जातो. घडणीच्या दृष्टीने शब्द निर्दोष आहे. खोट आहे ती मूळ इंग्रजी नावातच. या पटलाला स्पर्श करता येतो, परंतु स्पर्शाने त्याच्यावरचे काहीही उमगत नाही. काचेवर पंख्याचे चित्र उमटलेले असो, नकाशा असो किंवा काहीच नसो, बोटाला लागते ती एकच गुळगुळीत सपाटी. बोट कुठे टेकवायचे हे डोळ्यांनी ठरवावे लागते आणि टेकवल्यावर काम झाले की नाही याची खात्रीही डोळ्यांनीच करून घ्यावी लागते. नाव स्पर्शाचे आणि चाकरी डोळ्यांची, असा हा प्रकार आहे. आपल्याकडे यंत्राच्या बटणाला 'कळ' म्हणतात आणि उमगण्याला 'कळणे'. या दोहोंची व्युत्पत्ती एकच आहे असा आमचा दावा नाही, ते काम कोशकारांचे. परंतु मोटारीतील बटणांचा आणि पडद्यांचा गेल्या शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास चाळताना हा शब्दयोग वारंवार आठवत राहतो. तो इतिहास एका अर्थी वाचनाचाच इतिहास आहे: चालकाने आपली मोटार कोणत्या इंद्रियाने वाचायची?

ज्या फळीवर ही बटणे बसली, त्या 'डॅशबोर्ड'चे मूळ घोडागाडीत आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली आडवी फळी, एवढाच त्या शब्दाचा आरंभीचा अर्थ होता. घोडा गेला, चिखलाची फळी राहिली आणि तिच्यावर तबकड्या, खुंट्या, खटके येऊन बसले. आरंभीच्या काळात या खुणांची लिपी प्रत्येक कारखान्याची वेगळी होती. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'ला पायाशी तीन पट्ट्या होत्या, पण त्यांतली एकही वेग वाढवण्याची नव्हती. त्यासाठी सुकाणूच्या दांड्यालगत हाताने फिरवायची कांडी होती. आजचा निष्णात चालक त्या मोटारीत बसवला तर तो निरक्षरच ठरेल.

बटण आहे म्हणजे सारे आलबेल, असेही नव्हे. क्रायसलर कंपनीने १९५६ सालच्या आपल्या मोटारींत गिअर बदलण्यासाठी दांड्याऐवजी बटणे दिली. १९६४नंतर ती बंद केली. त्याहून बोलके उदाहरण फोर्डच्या 'एडसेल'चे. १९५८च्या या मोटारीत गिअरची बटणे चक्क सुकाणूच्या मध्यभागी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जेथे हॉर्न असायचा तेथे बसवली होती. हॉर्न वाजवायला गेलेला हात गिअरवर पडू लागला. ही सोय एका वर्षात गुंडाळावी लागली. हाताला स्मरण असते आणि त्या स्मरणाविरुद्ध केलेली मांडणी कितीही नवी असली तरी दगा देते, एवढा बोध यातून घेता आला असता. राल्फ नेडर यांच्या १९६५ सालच्या 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' या पुस्तकाने गिअरच्या क्रमातील अराजकावरही बोट ठेवले होते. काही मोटारींत मागे जाण्याचा गिअर पुढे जाण्याच्या गिअरला खेटून होता. १९६८पासून अमेरिकेत लागू झालेल्या संघीय सुरक्षा मानकांनी या दोहोंच्या मध्ये 'न्यूट्रल' असलेच पाहिजे असे ठरवून टाकले. ज्याला आपण मोटार चालवण्याचे सहजज्ञान म्हणतो, त्यातला काही भाग असा कायद्याने घडवलेला आहे.

बोटांच्या वाचनाची सर्वांत मोठी शिकवणी मात्र मोटारीत झाली नाही, ती विमानात झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरल्यानंतर अचानक पोटावर बसत. वैमानिकाने पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकेच आत घेतलेली असत. लष्कराच्या दप्तरी याची नोंद 'वैमानिकाची चूक' अशी होई. आल्फोन्स चॅपनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने १९४३च्या सुमारास वैमानिकांऐवजी त्यांच्या आसनासमोरची मांडणी तपासली. झडपांचा खटका आणि चाकांचा खटका एकमेकांशेजारी होते आणि चाचपल्यावर अगदी सारखे लागत होते. चॅपनिस यांचा उपाय लहान मुलालाही सुचावा इतका साधा होता: चाकांच्या खटक्याला छोटे रबरी चाक जोडायचे आणि झडपांच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. अंधारात, थकलेल्या अवस्थेत, नजर धावपट्टीवर खिळलेली असताना बोटांना कळावे की आपण कशाला हात घातला आहे. पुढे १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या ४६० तथाकथित चुकांची छाननी केली, तेव्हा सारख्या दिसणाऱ्या आणि सारख्या लागणाऱ्या खटक्यांची गल्लत हे त्यांतले एक ठळक कारण निघाले. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्या आकाराची असते. आम्हांला ही घटना फार मोलाची वाटते. वाचक चुकीचे वाचतो तेव्हा दोष दरवेळी वाचकाचा नसतो. अक्षर कोणी आणि कसे काढले तेही पाहावे लागते, ही गोष्ट येथे प्रयोगाने सिद्ध झाली.

स्पर्शपटलाचा जन्म याच्या अगदी उलट परिस्थितीत झाला. ब्रिटनमधील माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली त्याची कल्पना मांडली, ती हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी. पुढे १९७०च्या दशकात जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत एका प्रचंड कणत्वरकाच्या नियंत्रणकक्षासाठी बेंट स्टुम्पे आणि फ्रँक बेक यांनी असेच पटल सिद्ध केले. हजारो बटणांनी भिंती भरून टाकण्यापेक्षा एकाच काचेवर हवी ती बटणे हवी तेव्हा उमटवावीत हा हेतू. दोन्ही ठिकाणी माणूस खुर्चीत स्थिर बसलेला आहे आणि पडद्याकडे पाहणे हेच त्याचे काम आहे. डोळे तेथे आधीच लागलेले असल्याने ते मागण्यात काही अन्याय नव्हता. ही वस्तू मोटारीत आणली तेव्हा हा संदर्भ मागेच राहिला.

ती आली १९८६ साली, ब्युइक कंपनीच्या 'रिव्हिएरा'मध्ये. जुन्या दूरदर्शनसंचासारखी काचनळी, तिच्यावर हिरवट अक्षरे आणि तिच्यातूनच रेडिओ, हवामान, प्रवासाचे हिशेब. त्या वर्षी रिव्हिएराची विक्री सुमारे ६५ हजारांवरून सुमारे २२ हजारांवर घसरली. मोटारीचा आकार आखडल्याने गिऱ्हाईक अधिक नाराज झाले होते, त्यामुळे सारा दोष पडद्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु आवाज कमी करण्यासाठीही रस्त्यावरून नजर काढावी लागते ही तक्रार तेव्हाच झाली होती आणि १९९०च्या रिव्हिएरातून पडदा गेला. त्यानंतर पावशतकात याच प्रश्नाचे उत्तर जणू कोणी दिलेच नव्हते अशा थाटात तो पुन्हा विचारला गेला. बीएमडब्ल्यूने २००१ साली मधला मार्ग काढला: पडदा दूर आणि हाताशी एक फिरवायची खुंटी. तीही किचकट म्हणून टीकेची धनी झाली. मग २००७ साली आयफोन आला आणि माणसांच्या बोटांना काचेवरून घसरण्याची गोडी लागली. २०१२च्या टेस्ला 'मॉडेल एस'मध्ये १७ इंची उभा पडदा होता. २०१७च्या 'मॉडेल ३'मध्ये चालकासमोरच्या तबकड्यासुद्धा नाहीशा होऊन सारा कारभार मधल्या एका पडद्यावर आला. मे २०१८पासून अमेरिकेत नव्या मोटारींना मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा सक्तीचा झाला, म्हणजे पडदा हवाच. आणि तो आहेच तर बटणांचा खर्च कशाला, हा हिशेब ओघाने आला. प्रत्येक बटणाला साचा लागतो, तार लागते, चाचणी लागते. काचेवरचे बटण रंगवायला काही लागत नाही आणि मोटार विकल्यानंतरही ते बदलता येते. नवतेच्या नावाखाली झालेल्या या बदलात काटकसरीचा वाटा मोठा आहे. जाहिरातीत ती काटकसर 'स्वच्छ मांडणी' होऊन येते.

याची किंमत कोणी मोजली? जर्मनीत २०१९ साली एका टेस्लाचालकाने भर पावसात काचपुसणीचा वेग बदलण्यासाठी पडद्यावर बोट लावले. मोटार रस्ता सोडून झाडांवर आदळली. २०२० साली कार्ल्सरुहे येथील उच्च प्रादेशिक न्यायालयाने निर्णय दिला की मोटारीत कायमचा बसवलेला पडदा हेही कायद्याच्या दृष्टीने 'इलेक्ट्रॉनिक उपकरण' आहे आणि त्याला वाहन चालवताना भ्रमणध्वनीसारखेच निर्बंध लागू होतात. चालकाला २०० युरो दंड आणि एक महिना वाहनबंदी झाली. पाऊस वाढला की पुसणीचा वेग वाढवणे हे चालकाचे कर्तव्य. ते बजावण्याचा कारखान्याने दिलेला मार्ग वापरणे हा मात्र गुन्हा. निवाडा कायद्याला धरून असेल, पण चॅपनिस यांच्या आधीचे ते दप्तरी वाक्य येथे पुन्हा ऐकू येते. चूक चालकाची.

मोटारीबाहेरचे एक उदाहरण टाळता येत नाही, कारण तेथे माणसे गेली. २१ ऑगस्ट २०१७ रोजी पहाटेपूर्वी सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची 'यूएसएस जॉन एस. मॅकेन' ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक मृत्युमुखी पडले. सुकाणूचे नियंत्रण एका पटलावरून दुसऱ्यावर नकळत गेले होते. शिवाय दोन्ही पंख्यांची गती एकत्र कमी करायची असताना ती एकाच पंख्याची कमी झाली, आणि हा फरक दाखवत होती ती काचेवरची एक खूण. चौकशीत मुख्य ठपका अपुऱ्या प्रशिक्षणावर आणि देखरेखीवर आला हे सांगितले पाहिजे. पण स्पर्शपटलाच्या रचनेलाही बोल लागला. २०१९ साली नौदलाने अशा जहाजांवर पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवण्याचे ठरवले. दोन दांडे शेजारी असले की ते जोडीने सरकले की एकटा सरकला, हे तळहाताला न पाहता कळते.

स्वीडनच्या 'वी बिलेगारे' या मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ साली हाच प्रश्न घड्याळ लावून तपासला. अकरा नव्या मोटारी आणि २००५ सालची बटणांची एक व्होल्व्हो 'व्ही ७०'. वेग ताशी ११० किलोमीटर. आसन तापवणे, रेडिओचे केंद्र लावणे अशा चार कामांचे संच. चालकांना आधी सराव करू दिला होता. जुन्या व्होल्व्होत कामे १० सेकंदांत, ३०६ मीटरांत उरकली. सर्वांत मागे राहिलेल्या एमजी 'मार्व्हल आर'मध्ये ४४.९ सेकंद लागले. तेवढ्यात मोटार १,३७२ मीटर पुढे गेली होती. हे वाचताना आम्हांला परीक्षेच्या दालनात उत्तरपत्रिकेचे पान शोधणारा विद्यार्थी आठवला, फक्त येथे दालन ताशी ११० किलोमीटरने धावत असते.

पडद्याची बाजूही हलकी नाही. नकाशा बटणांवर वाचता येत नाही. बटणावर छापलेली इंग्रजी अक्षरे जन्मभर इंग्रजीच राहतात, पडदा मात्र कोणतीही लिपी धारण करू शकतो. मराठीच्या अध्यापकांनी तरी हे विसरू नये. मागे उभे असलेले मूल कॅमेऱ्यात दिसते, आरशात दिसेलच असे नाही. म्हणून वाद पडदा असावा की नसावा असा घातला तर तो निष्फळ होतो. पाहून करायची कामे काचेला आणि न पाहता करायची कामे कळीला, अशी वाटणी कोण करणार आणि कोणत्या निकषावर, हा खरा वाद आहे. माझदा कंपनीने २०१९च्या 'माझदा ३'मध्ये पडद्याची स्पर्शक्षमताच काढून खुंटी दिली. फोक्सवॅगनने उलट २०१९च्या आठव्या 'गोल्फ'मध्ये आवाज आणि तापमानासाठी पडद्याखाली गुळगुळीत सरकपट्टी दिली होती, जिला रात्री उजेडही नव्हता. २०२५ साली त्याच कंपनीचे रचनाप्रमुख आंद्रेआस मिंट यांनी आवाज, तापमान, पंखा आणि धोक्याचे दिवे यांसाठी प्रत्येक नव्या मोटारीत खरी बटणे राहतील असे जाहीर केले. रांजणगावला तयार होणाऱ्या टाटांच्या 'नेक्सॉन'मध्ये २०२३ साली वातानुकूलनाची जुनी बटणे जाऊन स्पर्शपट्टी आली, तिच्यावर दोन खटके तेवढे राखले गेले. कुर्ल्याला बनलेल्या पद्मिनीच्या सुकाणूलगतचा गिअरचा दांडा मुंबईचे टॅक्सीवाले मागे बसलेल्या उतारूशी गप्पा मारत, समोरची नजर न हलवता ओढत असत. ती पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. योगायोग एकाच वर्षाचा आहे, त्यातून अधिक अर्थ काढू नये.

मोटारींना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६पासून निकष बदलले आहेत. दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, हॉर्न, काचपुसणी आणि आपत्कालीन हाक या पाच गोष्टींना हाताने चाचपता येईल असे नियंत्रण असेल तरच यापुढे पूर्ण गुण. हा कायदा नव्हे, पण ताऱ्यांवर विक्री अवलंबून असल्याने कारखानदार तो कायद्यासारखाच पाळतील. यादी नीट वाचली तर काचेच्या बाहेरचे पाणी तिच्यात आले आहे असे दिसते. आतून धरणारी वाफ आलेली नाही. जुलैतल्या संततधारेत बोरघाट चढताना समोरची काच आतून धूसर होते, तेव्हा ती पुसून काढणाऱ्या झोताची कळ कोठे असावी हे अजून ज्याच्या त्याच्या कारखान्यावर सोपवलेले आहे.