रस्त्याकांठची सराई

सराई म्हटली कीं मोगल अमदानींतील दगडी आवार डोळ्यांपुढें येतें. आज मी जिची हकीकत सांगणार आहें ती सराई लांकडी असून अमेरिकेंतील आहे.

मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील सडबरी हें गांव बोस्टनच्या पश्चिमेस सुमारें २० मैलांवर आहे. तेथें टपालाच्या जुन्या हमरस्त्यालगत डेव्हिड हाउ नांवाच्या गृहस्थानें १७१६ सालीं आपल्या राहत्या घरांतच सराई थाटली. घोड्याला दाणावैरण, प्रवाशाला जेवण, मद्य आणि बिछाना, एवढाच हा व्यवसाय. पण वर्तमानपत्रें दुर्मिळ असलेल्या त्या काळीं अशी जागा म्हणजे बातम्यांची पेठच असे. डेव्हिडचा मुलगा इझिकीएल हा तर १७७५ च्या एप्रिलांत गांवची शिबंदी घेऊन कॉन्कॉर्डला इंग्रजी फौजेवर चालून गेला. ही सराई एकाच कुटुंबाकडे चार पिढ्या राहिली. १८६१ सालीं शेवटचा हाउ वारला.

पुढच्याच वर्षीं लाँगफेलो कवि तेथें गेला आणि १८६३ मध्यें 'टेल्स ऑफ ए वेसाइड इन्' हें त्याचें काव्य प्रसिद्ध झालें. मौज अशी कीं, पुढें १८९७ सालीं नव्या मालकानें काव्यांतलें हें नांवच सराईला दिलें!

१९२३ सालीं ती हेन्‍री फोर्डनें विकत घेतली. भोंवतालची विस्तीर्ण जमीन त्यानें घेतली, एक जुनी शाळा दुसऱ्या गांवाहून उचलून आणली, १९२९ मध्यें पाणचक्की बांधली. मोटारींच्या वर्दळीनें जुनी इमारत खिळखिळी होईल म्हणून त्यानें स्वखर्चानें नवा रस्ता करून रहदारी दूर वळविली. ज्यानें घरोघर मोटार पोंचविली त्यानेंच हें करावें! मद्याचा तर त्याला मनस्वी तिटकारा. वास्तु राखणाऱ्याचे उपकार मानावेच लागतील. परंतु रस्त्याकांठची सराई रस्त्यावांचून आणि पेल्यावांचून राखणें म्हणजे विहीर राखून पोहरा काढून घेण्यासारखें आहे, असें मला वाटतें.

१९५५ च्या डिसेंबरांत सराईला आग लागून जुना भाग बराचसा जळाला. फोर्ड प्रतिष्ठानच्या देणगींतून जीर्णोद्धार होऊन १९५८ सालीं दारें पुन्हां उघडलीं. आज सराईचा कारभार एक विश्वस्त संस्था पाहते. तेथें प्रवाशाला जेवण मिळतें, पेलाहि मिळतो, आणि रात्रीपुरती खोलीहि.