विकर-चिन्हके
१. विकर-चिन्हके : मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातील अपक्व पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळदा सारख्याच दिसतात, पण त्यांचे कूळ त्यांच्यातील विकरांवरून, म्हणजे एन्झाइमांवरून, ओळखता येते. मायलोपेरॉक्सिडेज हे मायलॉइड कुळाचे विकर. किमान ३ टक्के अपक्व पेशी त्याच्या रंजनाला प्रतिसाद देत असतील, तर रोग मायलॉइड मानावा, हा निकष १९७६ च्या फ्रेंच-अमेरिकन-ब्रिटिश वर्गीकरणाने रूढ केला. टर्मिनल ट्रान्सफरेज, म्हणजेच टीडीटी, साच्याविना डीएनएची साखळी वाढवते. ते अपक्व लिंफपेशींत असते. म्हणून मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या तीव्र लिंफोब्लास्टिक प्रकारात ते बहुधा सापडते, परिपक्व बी-पेशींच्या बर्किट प्रकारात मात्र सहसा नसते. पुण्यातील नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या पेशीसंग्रहातून संशोधकांना मिळणाऱ्या दोन पेशीवंशांत मायलॉइड आणि लिंफ या कुळांतील भेद स्पष्ट दिसतो : एचएल-६० मध्ये मायलोपेरॉक्सिडेज, तर मोल्ट-४ मध्ये टीडीटी. काही मायलॉइड रुग्णांतही टीडीटी आढळते. त्यामुळे एकाच विकरावर निदान ठरत नाही. फ्लो सायटोमेट्रीने पेशींवरील प्रथिनेही तपासावी लागतात. दोन्ही कुळांचे औषधोपचार वेगळे असल्याने मुलाचे बरे होणे या अचूक निदानावर अवलंबून असते.