बापाचा रकाना

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कादंबऱ्या वाचायला घेतल्या की दर दोन-तीन पुस्तकांमागे एक घर भेटतंच. पांढऱ्या खांबांचा वाडा, भोवती कापसाची शेती, करारी म्हातारा, आणि जेवणाच्या टेबलावर ज्याचा विषय काढायचा नाही असं 'काहीतरी'. हे काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा एक चालतंबोलतं माणूस असतं. घोडे सांभाळणारं नाहीतर स्वयंपाकघरात राबणारं, रंगाने घरच्यांपेक्षा सावळं आणि नाकाडोळ्यांनी थेट म्हाताऱ्यावर गेलेलं.

वरवर पाहिलं तर मामला आपल्या सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमाचा. गळ्यातलं लॉकेट, हातावरचं गोंदण, आणि शेवटच्या रिळात 'माँ!' पण एक मोठा फरक आहे, आणि या विकांताचं पुराण त्या फरकाबद्दलच आहे. सिनेमात गुपित पुरलेलं असतं आणि योगायोगाने उकरलं जातं. दक्षिणेत ते पुरलेलं नव्हतंच! ते व्यवस्थित लिहून ठेवलेलं होतं. हिशेबाच्या वहीत, जनगणनेच्या तक्त्यात, कायद्याच्या कलमात. गुपित टिकलं ते फक्त 'हे पान मोठ्याने वाचायचं नाही' या समजुतीवर.

सगळ्यात भारी उदाहरण विल्यम फॉकनरचं. 'गो डाउन, मोझेस' (१९४२) या पुस्तकात 'द बेअर' नावाची दीर्घकथा आहे. नावाप्रमाणे ती अस्वलाच्या शिकारीची गोष्ट, आणि तीन भाग ती तशीच चालते. चौथ्या भागात मात्र फॉकनर अस्वल सोडतो आणि आयझॅक मॅकॅस्लिन नावाच्या सोळा वर्षांच्या पोराला मळ्यावरच्या दुकानातल्या जुन्या चोपड्यांपुढे बसवतो. (इथून पुढे रहस्यभेद आहे. पुस्तकाने ऐंशी वर्षं ओलांडलीत, त्यामुळे माफी वगैरे मागत नाही.)

या चोपड्या लिहिल्यात आयझॅकच्या वडलांनी आणि काकांनी. दोघे जुळे, आणि दोघांचं स्पेलिंग अगाध. पीठ, गूळ, औजारं यांच्या हिशेबातच गुलामांचे जन्म, लग्नं आणि मृत्यू. त्यात युनिस नावाच्या बाईची नोंद आहे. आयझॅकच्या आजोबांनी तिला १८०७ साली न्यू ऑर्लिन्सहून साडेसहाशे डॉलरला विकत आणलं, दोन वर्षांनी मळ्यावरच्याच एका गुलामाशी तिचं लग्न लावलं, आणि १८३२ च्या नाताळच्या दिवशी ती ओढ्यात बुडून मेली. एवढंच. मग सहा महिन्यांनी एक भाऊ त्याच वहीत लिहितो की तिने स्वतःहून जीव दिला. दुसरा भाऊ खाली उत्तर लिहितो, की गुलामाने जीव दिल्याचं कुणी कधी ऐकलंय का? पहिला काही आठवड्यांनी परत तेच वाक्य लिहितो. एका घरात राहणारे दोन सख्खे भाऊ, आणि हा वाद वहीच्या पानावर, तारखा टाकून!

पुढची नोंद युनिसच्या मुलीची. नाव टोमासिना, जन्म १८१०, मृत्यू जून १८३३, बाळंतपणात. मूल जगलं, त्याचं नाव टर्ल. आणि आजोबांचं मृत्युपत्र: या टर्लला सज्ञान झाल्यावर हजार डॉलर द्यावेत.

आता आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर इथे तीन नोंदी आहेत आणि तिन्हीत बापाचा रकाना नल आहे, नाहीतर चुकीच्या माणसाच्या नावाने भरलेला आहे. पण जॉईन लावण्यापुरत्या तारखा आहेत. पोरगा जॉईन लावतो. कंजूष आजोबांनी एका गुलाम पोराला हजार डॉलर का ठेवले? कारण पोरगा त्यांचा. ठीक, हे मळ्यामळ्यावर घडत होतं. मग पोराच्या आजीने, पोर जन्मायच्या सहा महिने आधी, बर्फासारख्या ओढ्यात जीव का दिला? नाताळात मुलीचं पोट दिसायला लागलं असणार. पण फक्त तेवढ्यासाठी?... आणि मग आयझॅकला ती बावीस वर्षं जुनी, १८१० ची नोंद परत दिसते. टोमासिनाचा बापही आजोबाच होते.

हे वाक्य वहीत कुठेही नाही. वाचणाऱ्याने ते स्वतः जुळवायचं. पहिल्यांदा वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

फॉकनरचीच 'अ‍ॅबसलोम, अ‍ॅबसलोम!' (१९३६) याच विषयावरची जास्त नावाजलेली कादंबरी. तिथे वही नाही, नुसती ऐकीव माहिती, आणि दोन कॉलेजकुमार होस्टेलच्या खोलीत बसून अख्ख्या घराण्याचा इतिहास रचतात. मोठी कादंबरी आहे, मान्य. पण मला वही जास्त झोंबते. वही तर्क करत नाही, ती फक्त हिशेब ठेवते.

फॉकनरने ही वही हवेतून आणली नाही. मूल हिशेबात का जमा होतं याचं उत्तर व्हर्जिनियात, सतराव्या शतकात आहे. इंग्लंडच्या रिवाजात मूल बापाचं. नाव बापाचं, दर्जा बापाचा. व्हर्जिनिया इंग्रजांची वसाहत, म्हणजे तिथेही हेच चालायला हवं. एलिझाबेथ की नावाच्या एका बाईने हाच मुद्दा घेऊन कोर्टात दावा लावला: माझी आई आफ्रिकन गुलाम असेल, पण बाप इंग्रज होता, शिवाय माझा बाप्तिस्मा झालाय, सबब मला गुलाम ठेवता येणार नाही. १६५६ साली ती जिंकली. आणि १६६२ साली वसाहतीच्या विधानसभेने कायदा केला की यापुढे मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणी का असेना. पळवाट सापडली आणि सहा वर्षांत पॅच आला. सरकारी कामाच्या मानाने वेग चांगलाच म्हणायचा.

या एका ओळीच्या कायद्याने काय केलं बघा. बापाला मूल नाकारण्याची गरजच उरली नाही. गुलाम बाईवर मालकाने केलेली जबरदस्ती कायद्याच्या लेखी गुन्हा नव्हती, आणि तिच्यातून झालेलं मूल मालकाच्या संपत्तीत आपोआप भर घालत होतं. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी आली, तेव्हा तर देशात जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाला बाजारात भाव आला. मालमत्ता म्हटली की नोंद आली. नोंद ठेवली नाही तर नुकसान मालकाचंच. म्हणून हे घरगुती गुपित ट्रंकेत नाही, वहीत सापडतं.

सरकारनेही तेच केलं. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांचे तक्ते वेगळे आहेत. वर मालकाचं नाव, खाली ओळीने वय, लिंग, रंग. गुलामांची नावं जवळजवळ कुठेच नाहीत. रंगाच्या रकान्यात काळ्यासाठी एक अक्षर आणि मिश्र रंगासाठी दुसरं. १८६० साली एकूण गुलाम जवळजवळ ४० लाख, त्यातले साधारण दहा टक्के मिश्र. तेही नुसत्या नजरेच्या अंदाजाने! म्हणजे सरकारी कारकून दारात उभा राहून, मालकाच्या नावाखाली, मालकाच्या घरची बातमी लिहून घेत होता आणि मालक त्याला पाणी विचारत होता. साउथ कॅरोलायनाच्या मेरी चेस्नट या बड्या घरच्या बाईंनी १८६१ च्या डायरीत याच आंधळेपणावर चिडून लिहिलंय. शेजारच्या घरातल्या मिश्र पोरांचा बाप कोण हे प्रत्येकीला ठाऊक, स्वतःच्या घरातला तेवढा दिसत नाही.

आता खऱ्या वहीकडे येऊ. थॉमस जेफरसन, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा कर्ता, तिसरा राष्ट्राध्यक्ष. हा गृहस्थ सगळ्याची नोंद ठेवायचा: हवामान, भाज्या, खर्च. त्याच्या शेतीच्या वहीत सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीच्या मुलांचे जन्म आहेत. बाप नाही. (सॅली जेफरसनच्या बायकोची सावत्र बहीण होती असं इतिहासकार मानतात, म्हणजे आधीच्या पिढीतही तोच रकाना रिकामा.) १८०२ साली एका पत्रकाराने हे प्रकरण छापलं, जेफरसनने जाहीर उत्तर दिलं नाही. १८७३ साली सॅलीचा मुलगा मॅडिसन याने ओहायोतल्या एका वर्तमानपत्रात सरळ सांगून टाकलं की माझा बाप जेफरसन.

(अवांतर: याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं.)

मॅडिसनचं म्हणणं पुढची शंभर वर्षं बहुतेक चरित्रकारांनी बाजूला ठेवलं. विन्थ्रॉप जॉर्डन या इतिहासकाराने १९६८ साली दाखवलं की सॅलीच्या मुलांच्या जन्मतारखांपासून नऊ महिने मागे गेलं की जेफरसन दर वेळी घरीच असतो. अगदी आयझॅकने केलं तेच. १९९७ साली अ‍ॅनेट गॉर्डन-रीड या कायद्याच्या प्राध्यापक बाईंनी पुस्तक लिहून विचारलं की एकाच गोष्टीबद्दल गोऱ्या नातवंडांची साक्ष पुरावा आणि काळ्या मुलाची साक्ष अफवा, हे कुठल्या नियमाने? १९९८ साली डीएनए तपासणी झाली, आणि २००० साली जेफरसनचं घर सांभाळणाऱ्या संस्थेनेही बऱ्याच अंशी मान्य केलं. मॅडिसनचं बोलणं खरं ठरायला सव्वाशे वर्षं आणि एक प्रयोगशाळा लागली.

एकदा पान वाचलं की सगळं सुटतं, असंही नाही. फॉकनरला हे माहीत होतं, आणि म्हणून मला तो आवडतो. एकविसाव्या वर्षी आयझॅक आजोबांची जमीन नाकारतो. वाचक खूश. पण त्याच पुस्तकात पुढे 'डेल्टा ऑटम' नावाची कथा आहे. आयझॅक आता म्हातारा झालाय. शिकारीच्या तंबूत एक तरुणी बाळ घेऊन येते. बाळाचा बाप आयझॅकच्याच नात्यातला, आणि तो तोंड चुकवून पैशांचं पाकीट आयझॅककडे ठेवून गेलाय. बोलता बोलता कळतं की दिसायला गोरी असलेली ही मुलगी टर्लच्या वंशातली आहे. ज्याने आयुष्यभर त्या वहीचा धिक्कार केला, तो म्हातारा ते पाकीट तिच्या हातात ठेवतो आणि तिला उत्तरेकडे जा, आपल्या लोकांत लग्न कर म्हणून सांगतो. हजार डॉलरचीच पुढची एंट्री, फक्त या वेळी सही त्याची. आपल्या लाडक्या नायकाला लेखकाने इतकं उघडं पाडायला जिगर लागते.

युनिस आणि टोमासिना मात्र पूर्ण पुस्तकात एक शब्द बोलत नाहीत. फॉकनरच्या वहीत त्यांना नाव आहे, आवाज नाही. ही त्याची मर्यादा, किंवा वहीची.

साउथ कॅरोलायनाच्या स्ट्रॉम थरमंडबद्दल कादंबरी लिहिली असती तर संपादकाने 'फारच जुळवून आणलंय' म्हणून परत पाठवली असती. १९४८ साली हा माणूस काळे-गोरे वेगळे ठेवण्याच्या मुद्द्यावर राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि चार राज्यं जिंकला. १९५७ साली नागरी हक्कांचं विधेयक अडवायला सिनेटमध्ये सलग २४ तास १८ मिनिटं बोलला. बाविसाव्या वर्षी त्याला एक मुलगी झाली होती. आई कॅरी बटलर, सोळा वर्षांची काळी मुलगी, त्याच्या आईवडलांच्या घरी कामाला. मुलगी एसी मे. थरमंड गव्हर्नर असताना ती काळ्यांच्या सरकारी कॉलेजात त्याच्याच पैशांवर शिकत होती, आणि तो तिला भेटायला तिथे जायचा. कुजबुज पुष्कळ होती. छापील शब्द जवळजवळ नाही. जून २००३ मध्ये शंभराव्या वर्षी तो गेला, आणि डिसेंबरमध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एसी मे वॉशिंग्टन-विल्यम्स पत्रकारांसमोर आल्या. थरमंड कुटुंबाच्या वकिलाने नातं मान्य केलं.

कोलंबिया शहरात विधानसभेच्या आवारात थरमंडचा पुतळा आहे. चौथऱ्यावर कोरलं होतं की हे चार मुलांचे वडील, आणि खाली चार नावं. २००४ साली शेवटी एसी मेचं नाव कोरलं. दगडात बॅकस्पेस नसतो, त्यामुळे 'चार'चं 'पाच' तिथल्या तिथेच करावं लागलं. ती खाडाखोड नुसत्या डोळ्यांनी दिसते.