शाहू महाराजांचे राज्यारोहण आणि त्यानंतरची दुही

वरंध घाटाखालच्या महाड परिसरातील रायगड नोव्हेंबर १६८९ मध्ये मोगलांच्या हाती पडला. येसूबाई व बालराजे शाहू कैद झाले. पुढे सुमारे साडेसतरा वर्षांनी, औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, मे १७०७ मध्ये शाहजादा आझमने शाहूंची सुटका केली. येसूबाई मात्र ओलीसच राहिल्या. शाहूंच्या आगमनाने मराठ्यांत दुही माजावी, हा मोगलांचा हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी सफल झाला.

राजारामांच्या पश्चात सात वर्षे राज्य राखणाऱ्या ताराबाईंनी शाहूंना तोतया ठरवले. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईत सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. मात्र गादी मिळाली तरी सत्ता स्थिरावली नाही. ताराबाईंनी पन्हाळ्यावरून पुत्र शिवाजीच्या नावे कारभार चालवला. दोन गाद्या झाल्याने सरदारांना पक्ष बदलणे सोपे झाले. १७११ मध्ये धनाजींचे पुत्र सेनापती चंद्रसेन शाहूंना सोडून गेले. १७१३ मध्ये कान्होजी आंग्रे यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केले. बहादूरशहानेही वारसाचा वाद मिटेपर्यंत चौथाईच्या सनदा रोखून धरल्या.

या पेचातून मार्ग काढला तो बाळाजी विश्वनाथ यांनी. १७१३ मध्ये पेशवेपद मिळताच त्यांनी आंग्रे यांच्याशी तह करून त्यांना शाहूंच्या पक्षात आणले. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर राजसबाईंनी सत्तांतर घडवून पुत्र संभाजीस गादीवर बसवले. १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आल्या, येसूबाईही परतल्या. कोल्हापूरशी वाद मिटला तो १७३१ च्या वारणेच्या तहाने. मोगलांनी सिद्दीकडे सोपवलेला रायगड परत घेण्यास १७३३ साल उजाडले.

या काळात सरदारांची निष्ठा टिकवण्यासाठी त्यांना सरंजाम व वसुलीचे हक्क द्यावे लागले. त्यामुळे राज्य विस्तारले, पण सूत्रे छत्रपतींकडून पेशव्यांकडे सरकत गेली. शाहूंची गादी वाचवणाऱ्या तडजोडींनीच तिचे बळ कमी केले, हे या पुनःस्थापनेचे खरे मोल होय.