‘सार्वजनिक’ म्हणजे नेमके कोण? पर्वतीची टेकडी आणि पुण्याच्या नागरी प्रतिनिधित्वाचा इतिहास

१/ ‘सार्वजनिक’ हा शब्द पुणेकराच्या तोंडी इतका रुळला आहे की त्याच्या अर्थाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. सार्वजनिक सभा, सार्वजनिक काका, सार्वजनिक सत्यधर्म, सार्वजनिक गणेशोत्सव. मात्र या ‘सर्व जनां’त कोणाची गणना व्हावी, यावरून या शहरात शंभर वर्षांहून अधिक काळ झगडा चालला. त्या झगड्याचा हा धागा.

२/ कथेचा आरंभ पर्वतीपासून करावा लागतो. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास येथे देवदेवेश्वराचे मंदिर उभारले. पेशवाई बुडाल्यावर देवस्थानाचा कारभार पुढे पंचांच्या हाती गेला. त्या पंचांच्या व्यवस्थेविषयी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात मोठी नाराजी होती.

३/ गाऱ्हाणे मांडण्यास पुढे आलेल्यांपुढे एक साधा पण अवघड प्रश्न उभा राहिला : तुम्ही बोलता ते कोणाच्या वतीने? वकिली पेशातील गणेश वासुदेव जोशी यांनी या प्रश्नाचे उत्तर वकिलाच्याच पद्धतीने शोधले. ज्यांच्या वतीने बोलायचे, त्यांच्याकडून लेखी अधिकार घ्यायचा. म्हणजेच मुखत्यारपत्र.

४/ २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे पंतप्रतिनिधी तिचे अध्यक्ष झाले आणि जोशी पुढे ‘सार्वजनिक काका’ या नावानेच ओळखले जाऊ लागले. सभासद होण्यासाठी किमान ५० प्रौढ व्यक्तींचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आरंभीच्या ९५ सभासदांमागे सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या.

५/ या नियमाचे महत्त्व कळण्यासाठी त्या वेळची स्थिती ध्यानात घ्यावी. पुण्यात नगरपालिका होती, पण तिचे सभासद सरकार नेमत असे. प्रांतिक कायदेमंडळात लोकांनी निवडून दिलेला एकही मनुष्य नव्हता. अशा काळात काही पुणेकरांनी सरकारची परवानगी न घेता, कायद्याचा आधार नसताना, आपसांत प्रतिनिधित्वाची एक रीत सुरू केली.

६/ अधिकार वरून मिळत नाही, तो खालून यावा लागतो, हे त्या रीतीचे मर्म होते. १८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यात आले आणि सभेच्या कार्याला अभ्यासाची जोड मिळाली. १८७५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानला प्रतिनिधित्व मिळावे, असा अर्ज सभेने धाडला. १८७६–७८ च्या दुष्काळात गावोगावची माहिती जमवून तिने सरकारपुढे ठेवली.

७/ मुखत्यारपत्राच्या नियमात जातीची वा धर्माची अट नव्हती. कागदावर पाहता ५० माणसांचा विश्वास मिळवणारा कोणीही आत येऊ शकत होता. प्रत्यक्षात मात्र लिहिता-वाचता येणारे, कचेरीची भाषा जाणणारे, पेठांत वजन असलेले लोकच त्या दारापर्यंत पोचत. सभेची सूत्रे मुख्यतः ब्राह्मण वकील, सावकार, इनामदार आणि पेन्शनर यांच्याकडे राहिली.

८/ या विसंगतीवर ज्यांनी नेमके बोट ठेवले ते जोतीराव फुले. शूद्र-अतिशूद्र ज्या सभेत बसत नाहीत, ती सार्वजनिक कशी, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापला. त्यांच्या अखेरच्या ग्रंथाचे, १८९१ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे, नाव ‘सार्वजनिक सत्यधर्म’ असे आहे. तोच शब्द त्यांनी निराळ्या अर्थाने पुढे ठेवला.

९/ जोतीराव केवळ टीकाकार नव्हते. १८७६ पासून सुमारे सहा वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. अस्पृश्यांना पाणी मिळावे म्हणून १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद खुला केला होता. तोच मनुष्य आता शहराच्या पाण्याचा, रस्त्यांचा आणि शाळांचा हिशेब पाहणाऱ्या मंडळींत बसला.

१०/ १८८० च्या सुमारास व्हाइसरॉयच्या पुणेभेटीनिमित्त नगरपालिकेने १,००० रुपये खर्चावेत, असा प्रस्ताव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. बत्तीस नियुक्त सभासदांत विरोधी मत एकट्या त्यांचेच पडले. नव्या दारूच्या दुकानांविरुद्धही त्यांनी लेखी तक्रार केली. भव्य मंडई बांधण्याआधी शिक्षणाकडे पाहा, असाही त्यांचा आग्रह होता.

११/ येथे नियुक्त सभासदत्वाची मर्यादा स्पष्ट दिसते. सरकारने खुर्ची दिली, म्हणून एका माळी समाजातील शिक्षकाचे म्हणणे नगरपालिकेच्या दप्तरात नोंदले गेले. परंतु त्याच्यामागे उभा राहणारा मतदार नव्हता. नेमणारा सरकारच, वगळणाराही सरकारच. एका माणसाचा शहाणपणा सभागृहात आला, त्याचा समाज मात्र बाहेरच राहिला.

१२/ त्याच काळातील पुण्याचा दुसरा चेहरा पाहू. मुळा-मुठेवरील बंधारा आणि शहराच्या पाण्याची व्यवस्था यांसाठी मुंबईचे पारशी धनिक सर जमशेदजी जीजीभाई यांनी मोठी देणगी दिली. बगदादहून आलेल्या यहुदी घराण्यातील डेव्हिड ससून यांच्या दानातून ससून रुग्णालय उभे राहिले. लष्कर भागातील त्यांचे ‘लाल देऊळ’ हे प्रार्थनामंदिरही त्याच सुमाराचे.

१३/ अशा देणग्यांमुळे पुण्याच्या नागरी जीवनात पारशी-यहुदी नावे कायमची कोरली गेली. नगरपालिकेच्या आरंभीच्या बिगरसरकारी अध्यक्षांत खान बहादुर दोराबजी पदमजी यांचे नाव येते. पण दानातून मिळणारा मान आणि मतातून मिळणारा अधिकार या भिन्न गोष्टी आहेत. दान मोजक्या धनिकांनाच शक्य होते. त्यांच्याच समाजातील कारकुनाला वा दुकानदाराला त्यातून शहराच्या कारभारात वाटा मिळत नव्हता.

१४/ शिवाय शहर एक नव्हते. पारशी, बोहरी, यहुदी, गोव्याकडील ख्रिस्ती, तमिळ-तेलुगू कुटुंबे यांची मोठी वस्ती लष्करात, म्हणजे कँप भागात होती आणि तेथील कारभार लष्करी अधिकाऱ्यांकडे. नगरपालिकेच्या निवडणुकीशी त्याचा संबंध नव्हता. छावणीच्या मंडळांत निवडून आलेल्या सभासदांना खरे स्थान १९२४ च्या छावणी कायद्याने मिळाले.

१५/ मे १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांत निवडणुकीला निश्चित जागा मिळाली. मुखत्यारपत्राचे तत्त्व जणू सरकारी दप्तरात शिरले. पण मत देण्यासाठी मालमत्ता वा कर यांची अट होती. ५० सह्यांच्या जागी आता घरपट्टीची पावती आली. भाड्याच्या खोलीत राहणारा मजूर दोन्हीकडे बाहेरच.

१६/ मत नसलेल्यांनी मग रस्त्याचा मार्ग धरला. १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली, तेव्हा पुण्यात वाद पेटला : सक्ती मुलांपुरतीच ठेवावी की मुलींनाही लागू करावी? विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुलींच्या बाजूने चळवळ उभारली. १९२० मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्त्रियांची मिरवणूक निघाली. सभागृहात आसन नसलेल्या स्त्रियांनी सभागृहाला आपली दखल घ्यावयास लावली.

१७/ १९२५ मध्ये ब्राह्मणेतर पक्षाचे तरुण नेते केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत जोतीरावांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव मांडला. तो फेटाळला गेला आणि त्यावरून शहर ढवळून निघाले. वाद पुतळ्याचा दिसत होता. पण ज्या सभागृहात जोतीराव एकटे पडले होते, तेथे आता त्यांच्या बाजूने मत देणारे निवडून येऊ लागले होते. बहुमत अद्याप नव्हते, इतकेच.

१८/ आता पुन्हा पर्वतीकडे. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी या टेकडीवर अस्पृश्यांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. ‘सोमवंशीय मित्र’ पत्राचे संपादक राहिलेले शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज हे त्याचे प्रमुख. न. वि. गाडगीळ, केशवराव जेधे आणि तरुण एस. एम. जोशी ही मंडळीही त्यात होती. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, राजभोज जखमी झाले. जानेवारी १९३० पर्यंत सत्याग्रह चालला, पण दरवाजा उघडला नाही.

१९/ हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. १८७० मध्ये याच देवस्थानाच्या कारभाराविषयी पुणेकरांनी जाब विचारला आणि त्यातून ‘सार्वजनिक’ सभा जन्मली. ५९ वर्षांनी त्याच पायऱ्यांवर जे उभे राहिले, तेही पुणेकरच होते. त्यांचे मागणे तर हिशेबाचे नव्हते, केवळ आत येण्याचे होते. ‘सर्व जनां’त आपण येतो की नाही, हा प्रश्न त्यांनी थेट दारावर जाऊन विचारला.

२०/ त्यानंतर तीन वर्षांच्या आत, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतील १४८ राखीव जागा सर्वांना आठवतात. त्यातील आठवे कलम मात्र क्वचितच सांगितले जाते : स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत आणि सरकारी नोकऱ्यांत दलित वर्गातील असल्याच्या कारणावरून कोणावरही अपात्रता लादू नये आणि त्यांना योग्य प्रतिनिधित्व मिळावे असा सर्वतोपरी प्रयत्न व्हावा.

२१/ स्वतंत्र मतदारसंघाची मागणी सोडावी लागली, याचे शल्य डॉ. आंबेडकरांनी पुढे वारंवार बोलून दाखवले. आपला प्रतिनिधी आपण निवडायचा की बहुसंख्याकांच्या पसंतीतून तो निघायचा, हा त्यांचा प्रश्न होता. सार्वजनिक काकांच्या मुखत्यारपत्राचाच हा प्रश्न आहे : सही कोणाची? ज्याच्या वतीने बोलायचे त्याची, की दुसऱ्याच कोणाची?

२२/ पुढचे टप्पे कायद्याने गाठले. आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. ज्या मंडईआधी शिक्षण मागितले, तिच्यावरच जोतीरावांचे नाव आले. १९४७ मध्ये मुंबई प्रांताच्या कायद्याने मंदिरांची दारे उघडली. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली. प्रौढ मताधिकाराने घरपट्टीच्या पावतीची अट संपवली.

२३/ १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. १९२० मध्ये रस्त्यावर आलेल्या स्त्रियांच्या नाती-पणतींसाठी निम्मे सभागृह राखीव झाले. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचनांना अंदाजपत्रकात स्थान देण्याचा प्रयोगही केला.

२४/ तथापि मिळालेले टिकतेच असे नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ लाखो पुणेकरांच्या वतीने बोलणारा एकही नगरसेवक नव्हता. कचरा उचलला जात होता, रस्ते खोदले जात होते, कर वसूल होत होता. पण ‘तुम्ही कोणाच्या वतीने?’ या प्रश्नाला महापालिकेत उत्तर नव्हते.

२५/ हा सारा इतिहास पाहिला की सहभागाचे चार मार्ग वेगळे दिसतात. कोणी दान देऊन आले, कोणाला सरकारने नेमले, कोणी दाराशी बसून हट्टाने आत शिरले आणि कोणाला मतदारांनी पाठवले. पहिल्या तिघांचे मोल कमी नाही. त्यांच्यावाचून चौथा मार्ग रुंद झाला नसता. पण समाज म्हणून कायमचे स्थान मिळते ते चौथ्या मार्गानेच.

२६/ आजचे पुणे १८७० च्या पेठांहून कितीतरी अधिक मिश्र आहे. मराठवाड्यातून आलेला बांधकाम मजूर, बिहारचा रंगारी, ईशान्येकडील विद्यार्थिनी, केरळची परिचारिका, कँपातला बोहरी व्यापारी, येरवड्याच्या वस्तीतील सफाई कामगार. यांपैकी अनेकांचे नाव गावाकडच्या मतदारयादीत असते आणि राहणे-राबणे इथे. पाणी, बस आणि दवाखाना यांचे निर्णय ज्यांच्यावर सर्वाधिक परिणाम करतात, तेच यादीबाहेर राहतात.

२७/ म्हणून सार्वजनिक काकांची ती जुनी रीत आजही उपयोगाची आहे. प्रभागाच्या बैठकीत, गृहसंस्थेत वा मंडळाच्या कार्यकारिणीत कोणी ‘आम्ही पुणेकर’ म्हणून बोलू लागले, की त्यांच्यामागे कोणकोणत्या पन्नास माणसांच्या सह्या आहेत, हे नम्रपणे विचारावे. आणि ज्यांची सही कोणी मागितलीच नाही, त्यांच्या दारी आधी जावे. (समाप्त)